खड्ड्यांसाठी मोड शोधताय? आधी चेन बघा

पत्र

दादा, नमस्कार. गेल्या वर्षी चारशे सीसीच्या आतली ॲडव्हेंचर बाइक घेतली. राहायला मुलुंडला, ऑफिस अंधेरीच्या सीप्झला. ईस्टर्न एक्स्प्रेसने विक्रोळी, तिथून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), रोज जाऊन-येऊन. गाडीला स्ट्रीट, रेन आणि ऑफरोड असे तीन मोड आहेत. पुढच्या शॉकअपला वर फिरवायचे स्क्रू आहेत, मागच्यालाही आहेत. शोरूमवाला 'सगळं ॲडजस्टेबल आहे सर' एवढंच म्हणाला, कसं करायचं ते काही सांगितलं नाही. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, मुंबईचे खड्डे म्हणजे ऑफरोडच, तोच मोड टाकून ठेव. दुसरा म्हणतो, शॉकअप पूर्ण सॉफ्ट कर. तिसरा म्हणतो, हार्ड कर, नाहीतर आपटेल. मी सगळं करून पाहिलं. मागच्या सर्व्हिसिंगनंतर तर मागून जास्तच दणके बसायला लागलेत. माझं वजन ६८, बायकोचं ५७. गणपतीला चिपळूणजवळ गावी जायचंय, दोघं आणि सामान. बायको म्हणते, तू ये बाइकवरून, मी ट्रेनने जाते. कोणता मोड लावू आणि कुठला स्क्रू किती फिरवू?

— खिळखिळा, मुलुंड

उत्तर

खिळखिळे साहेब,

गाडीचं नाव तुम्ही लिहिलं होतं, मी गाळलंय. नाव छापलं की 'ती कंपनी चांगली की ही' यावरच पत्रं येत राहतात आणि खड्डे राहतात बाजूला.

मोडचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देऊन टाकतो. कोरड्या रस्त्यावर स्ट्रीट, पावसात रेन, आणि ऑफरोड जेव्हीएलआरवर अजिबात नको. स्क्रू किती फिरवायचा याचा आकडा मात्र पत्रातून देता येणार नाही. तो तुमच्या वजनावर आणि तुमच्याच गाडीवर ठरतो. तो काढायचा कसा, ते सांगतो. एक मोजपट्टी, एक मदतनीस आणि रविवारची सकाळ एवढं हाताशी ठेवा.

त्याआधी तुमच्याच पत्रातली एक ओळ: 'मागच्या सर्व्हिसिंगनंतर मागून जास्तच दणके बसायला लागलेत.' तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथेच थांबलो. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये शॉकअप कुणी उघडत नाही. ऑइल बदलतात, फिल्टर बघतात, ब्रेक साफ करतात, गाडी धुतात. मागची बाजू कडक होईल अशा दोनच गोष्टी तिथे घडतात. टायरात हवा भरली जाते आणि चेन ताणली जाते. दोन्ही कामं घाईत होतात, आणि घाईत झाली की दोन्ही जास्तच होतात.

हवेचं सोपं आहे. मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) स्टिकरवर पुढच्या-मागच्या टायरचा आकडा असतो, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. समजा तिथे २९ लिहिलंय आणि टायरात ३६ आहे, तर वर कितीही महागडा शॉकअप असू दे, लहान लहान खडबड टायर गिळणारच नाही, तुमच्या मणक्यापर्यंत पोहोचवेल. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, खिशात मावेल असा स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना बघा. उलट 'खड्ड्यांसाठी हवा कमीच ठेव' असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका. हवा कमी असली की खड्ड्याची कड थेट रिमला लागते. अलॉय असेल तर वाकतं किंवा तडकतं, ट्यूब असेल तर रिम आणि कडेच्या मध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याला अशी ट्यूब दाखवली तर तो बघताक्षणी कारण सांगेल.

आता चेन. माझा खरा संशय तिच्यावर आहे. गाडी स्टँडवर असते तेव्हा मागचं चाक पूर्ण खाली लोंबलेलं किंवा जवळपास तसंच असतं. तुम्ही बसलात, खड्डा आला, की स्विंगआर्म वर जातो. इंजिनाजवळचं छोटं सॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चकती (स्प्रॉकेट), आणि स्विंगआर्मचा पिव्हट, म्हणजे तो ज्यावर हलतो तो सांधा, या दोन वेगळ्या जागा आहेत. त्यामुळे चाक वर जाताना छोट्या सॉकेटपासून मागच्या ॲक्सलचं अंतर बदलत जातं. छोटं सॉकेट, पिव्हट आणि ॲक्सल तिन्ही एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त, म्हणजे चेन सगळ्यात ताठ. स्टँडवर असताना चेन छान घट्ट लावली असेल, तर वाटेत अर्ध्यावरच ती काठीसारखी ताठ होते आणि स्विंगआर्मला आणखी वर जाऊच देत नाही. शॉकअपमध्ये जागा शिल्लक असते, पण चेन मध्येच अडवते. तुम्हाला वाटतं शॉकअप दगड झालाय. शिवाय तो प्रत्येक हिसका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, तिथल्या बेअरिंगवर आणि सीलवर जातो. ते काम निघालं तर इंजिन खाली उतरवायची वेळ येते.

लांब ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जास्त वर-खाली होणाऱ्या, गाड्यांना चेन साध्या गाडीपेक्षा जास्त सैल ठेवावी लागते आणि रोज पंचवीस कम्युटर हातावेगळ्या करणाऱ्या पोऱ्याचा हात नेमका तिथेच चुकतो. मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये आकडा असतो, तो बघा. आणि खात्री करायची तर असं करा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, स्टँड वर, सरळ उभी. एकाने पुढून हँडल धरायचं. सीटवर दोघं-तिघं बसवा, सोसायटीतला दणकट गडी असेल तर त्याला आधी. ॲक्सल, पिव्हट आणि छोटं सॉकेट एका रेषेत येईपर्यंत मागची बाजू दाबली गेली पाहिजे. तुम्ही खाली बसून चेनची खालची बाजू दोन सॉकेटांच्या बरोबर मध्ये बोटाने वर-खाली करून बघा. तिथेही ती थोडी हलली पाहिजे. सतारीच्या तारेसारखी लागली तर तुमचं निम्मं पत्र तिथेच मिटलं. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी हेच बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते, ती जागा धरून सैल करायची.

हवा आणि चेन नीट झाल्याशिवाय शॉकअपच्या एकाही स्क्रूला हात लावू नका. तुम्ही ऑलरेडी लावलाय, ठीक आहे, तो परत जागेवर कसा आणायचा ते सांगतो. आधी मोडचं राहिलेलं.

मोड बदलला म्हणून शॉकअप बदलत नाही. महागड्या, लाखो रुपये जास्त मोजायच्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असतं, तिथे मोडबरोबर तेही बदलतं. तुमच्या गाडीत मोड फक्त तीन गोष्टींना हात लावतो: ॲक्सिलरेटर किती तातडीने उत्तर देतो, ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाला किती घसरू देतो, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किती लवकर मध्ये पडतो. सगळ्या गाड्यांत तिन्ही बदलतात असंही नाही. हिमालयन ४५० मध्ये इको आणि परफॉर्मन्स असे दोन आहेत आणि दोन्हींत मागचा एबीएस चालू किंवा बंद ठेवता येतो. पल्सर एनएस ४०० झेडला रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफरोड असे चार आहेत. नावं काहीही असोत, त्यातला एकही खड्डा बुजवत नाही.

तरी खराब रस्त्यावर मोडचा उपयोग आहे, फक्त तुमचा मित्र सांगतो तिथे नाही. खड्ड्यातून जाताना अंगाबरोबर उजवं मनगटही हलतं. ॲक्सिलरेटर तिखट असेल तर मनगट जरासं हललं की गाडी पुढे उडी मारते, त्या उडीने तुम्ही मागे जाता, मनगट आणखी पिळलं जातं, मग घाबरून सोडता आणि गाडी गपकन बसते. पेव्हर ब्लॉकवरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी 'झटके देते' अशी जी तक्रार असते, ती पुष्कळदा अशी हातानेच सुरू झालेली असते. रेन मोडमध्ये ॲक्सिलरेटर मवाळ होतो, काही गाड्यांत ताकदही थोडी कमी होते, आणि हे चक्र सुरूच होत नाही. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा गांधीनगर ते पवई ट्रॅफिकमध्ये सरपटत जायचं असेल तर रेन लावून बघा. लाजायचं कारण नाही, मोडचं नाव मागच्या गाडीवाल्याला दिसत नाही.

ऑफरोडला माझा विरोध का? त्या मोडमध्ये सहसा मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो, पुढचा ढिला होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक घसरू देतो. मातीत, खडीत ते हवंच असतं, कारण तिथे चाक थोडं लॉक झालं तर समोर मातीचा ढीग जमून गाडी लवकर थांबते. ओल्या डांबरावर असा ढीग होत नाही. पहिल्या पावसात ऑइल वर आलेला रस्ता, मेट्रोच्या कामाची लोखंडी प्लेट, त्यावर पाण्याचा थर, आणि समोर भाडं दिसलं म्हणून रिक्षा कडेला वळते. तिथे मागचं चाक लॉक झालं तर ते तुमच्या शेजारी येऊन उभं राहतं. भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एबीएस २०१८ पासून आणि त्याच गटातल्या विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचा आहे. तो बंद करायचं बटण मिळालंय म्हणून शहरात दाबायचं नसतं.

एक खरं की खडबडीत उतारावर एबीएस कधी कधी नकोसा वाटतो. उंचवट्यावरून चाक क्षणभर हवेत जातं, ब्रेकमुळे तिथेच थांबतं, एबीएसला वाटतं घसरलं, तो ब्रेक सोडतो, आणि तुम्हाला वाटतं गाडी थांबेचना. त्यावरचा इलाज खडबड यायच्या आधी वेग कमी करणं हाच आहे.

ऑफरोडची जागाही सांगून ठेवतो, कारण ती तुम्हाला गणपतीला गावी जाताना लागू शकते. हायवेच्या कामाचं वळण, लाल चिखल, चढ, पायी चालण्याच्या वेगाने जाताय आणि ट्रॅक्शन कंट्रोल दर वेळी ताकद तोडतोय म्हणून गाडी जागीच मरते. तिथे तो तेवढ्यापुरता बंद करा आणि डांबर लागलं की आधी परत चालू करा. बहुतेक गाड्यांत चावी बंद-चालू केली की एबीएस आपोआप पूर्ववत होतो. तरी डॅशवरचा दिवा बघायची सवय लावा.

(मुंबईत सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुण्याला जाताना एक्स्प्रेस वेवर बंदी. गुळगुळीत रस्ता दिसला की तिथे दुचाकीला मज्जाव असतोच. म्हणजे हा सगळा खटाटोप आपल्याच नशिबी आहे.)

आता शॉकअप. तुमचा एक मित्र हार्ड कर म्हणतो, एक सॉफ्ट कर म्हणतो, आणि फिरवायच्या जागा आहेत तीन: प्रीलोड, रिबाउंड आणि कॉम्प्रेशन. तिघांचं काम वेगळं. कोणता फिरवायचा हे न सांगता हार्ड-सॉफ्ट म्हणण्याला अर्थ नाही.

पहिलं काम म्हणजे सगळं कंपनीच्या मूळ जागेवर आणणं. मॅन्युअलच्या सस्पेन्शनच्या पानावर प्रत्येक स्क्रूपुढे क्लिकची संख्या दिलेली असते. ती घट्ट टोकापासून मोजायची. म्हणजे स्क्रू घड्याळाच्या काट्याप्रमाणे हलक्या हाताने शेवटपर्यंत नेला, अडला की थांबला, मग उलटा फिरवत एकेक 'टिक' मोजली. शेवटी जोर लावायचा नाही. आत बारीक सुई असते आणि ती बसते ती जागा नाजूक असते, एकदा चेपली की ॲडजस्टर कायमचा गेला. आता आहे ती संख्याही मोजून लिहून ठेवा, कारण 'सगळं करून पाहिलं' नंतर गाडी कुठल्या अवस्थेत आहे, हे तुम्हालाच ठाऊक नसणार.

मग प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर खाचांची रिंग असेल, ती टूलकिटमधल्या सी-स्पॅनरने फिरते. काही गाड्यांना हाताने फिरवायचा नॉब असतो. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असा समज आहे. स्प्रिंग तीच राहते. बदलते ती गाडीची उंची, म्हणजे तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती खाली बसते ते. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हे बसणंच महत्त्वाचं. चाकाला उंचवट्यावर वर जायला जागा लागते हे सगळ्यांना कळतं, पण खड्ड्यात खाली उतरायलाही जागा लागते. प्रीलोड फार वाढवला की तुम्ही बसल्यावरही शॉकअप जवळपास पूर्ण ताणलेला राहतो. खड्डा आला की चाकाला खाली जाता येत नाही, सगळी गाडीच खड्ड्यात पडते आणि पलीकडच्या कडेवर आदळते. तुमच्या 'हार्ड कर' मित्राने हेच सांगितलेलं असणार. प्रीलोड फार कमी असेल तर याच्या उलट होतं. गाडी आधीच खाली बसलेली, वर जायला जागा नाही, मोठा खड्डा आला की तळाला 'ठक्'.

मोजायचं असं. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, टेलच्या पॅनेलवर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावर पेनाने रेघ मारा. मदतनिसाला गाडी साइड स्टँडवर कलवून मागचं चाक जमिनीवरून उचलायला सांगा. ॲक्सलच्या मध्यापासून रेघेपर्यंत मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी सरळ, स्टँड वर, तुम्ही रोज जाता तसे बसा, हेल्मेट, जॅकेट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, दोन्ही पाय फुटरेस्टवर. पुढून कुणी तरी हँडल धरेल. बसून एकदोनदा हलके हिसके द्या, स्थिर व्हा, आणि तेच अंतर परत मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा सॅग. मागच्या चाकाचा एकूण ट्रॅव्हल २०० मिमी असेल तर सॅग साधारण ५५ ते ६५ मिमी यावा. ट्रॅव्हल कमी-जास्त असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्या जरा आत, असं धरा. जास्त आला तर प्रीलोड वाढवा, कमी आला तर उतरवा, परत मोजा. तुमच्या ६८ किलोला प्रीलोड बहुधा कमीच करावा लागेल, पण आकडा काय येतो ते बघून ठरवा.

पुढचा प्रीलोड बहुतेक गाड्यांत बदलता येत नाही. तिथे फक्त फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) चकचकीत पाइपला एक बारीक झिप टाय बांधा. आठवडाभर चालवल्यावर तो किती खाली सरकलाय त्यावरून कळेल, पुढचा शॉकअप किती वापरला जातोय. शेवटच्या एखाद-दोन सेंटिमीटरपर्यंत कधीतरी पोहोचत असेल तर उत्तम.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन तो स्क्रू. लोक गाडी कडक वाटली की कॉम्प्रेशन ढिलं करत सुटतात आणि चूक असते रिबाउंडची. स्प्रिंग दबल्यावर ती परत किती वेगाने उघडायची, ते रिबाउंड ठरवतो. मागच्या शॉकअपला तो सहसा अगदी खाली, स्विंगआर्मजवळ असतो आणि चिखलाखाली गाडलेला असतो. पुढच्या बाजूला काही गाड्यांत एका पाइपच्या टोपणावर रिबाउंड आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेशन असतं, त्यावर खूण कोरलेली असते.

रिबाउंड फार घट्ट असेल तर शॉकअप हळूहळू उघडतो. एकच मोठा खड्डा असेल तर काही कळत नाही. पण पेव्हर ब्लॉकची ओळ, फ्लायओव्हरचे जॉइंट, खोदून बुजवलेले आडवे चर एकामागून एक आले की पहिल्यानंतर तो अर्धाच उघडलेला असतो, तेवढ्यात दुसरा येतो, मग तिसरा. उठाबशा काढताना पुरतं उभं राहायच्या आधीच पुढची बैठक मारत गेल्यासारखं. चौथ्या-पाचव्या खड्ड्याला शॉकअप खालीच बसलेला, वर जायला जागा उरलेली नाही, आणि तुम्हाला वाटतं तो कडक झालाय. म्हणजे स्क्रू सैल करायला हवा असताना गाडी कडक वाटते आणि मालक भलताच स्क्रू फिरवतो. उलट रिबाउंड फार ढिला असेल तर प्रत्येक उंचवट्यानंतर सीट खालून लाथ मारल्यासारखं वर फेकते, गाडी दोन-तीनदा डुलत राहते, वळणावर तर जास्तच.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीची सीट अंगाचा भार टाकून जोरात दाबा आणि सोडा. ती एकदाच वर यावी आणि थांबावी. वर येऊन परत खाली जात असेल तर ढिला. रेंगाळत, सुस्तावल्यासारखी वर येत असेल तर घट्ट. मग रविवारी सकाळी सातच्या आत तुमच्याच रस्त्यावरचा एक खडबडीत पट्टा निवडा, सुरक्षित, मागून बस येत नसेल असा. तोच पट्टा, तोच वेग, तोच गिअर. पहिले दोन-तीन धक्के बरे आणि नंतरचे वाईट होत जातायत का, एवढ्याकडेच लक्ष द्या. तसं असेल तर रिबाउंड दोन क्लिक सैल आणि परत तोच पट्टा. एका वेळी एकच स्क्रू, दोन-दोन क्लिक, आणि प्रत्येक वेळी फोनमध्ये नोंद. दोन स्क्रू एकदम फिरवलेत तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

कॉम्प्रेशन थोडक्यात. तो स्क्रू शॉकअप सावकाश दबतो तेव्हाच जास्त चालतो, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढची बाजू वाकते तेव्हा किंवा लाटांसारख्या रस्त्यावर. खड्ड्याची धारदार कड लागते तेव्हा तेल इतक्या वेगाने जातं की त्या स्क्रूचा फारसा अंकुश राहत नाही. तेव्हा मूळ जागेपासून दोन-तीन क्लिक सैल करून बारीक खडबड कमी होते का बघा. होत असेल तर ठेवा. पूर्ण सैल करू नका, सिग्नलला ब्रेक मारल्यावर गाडी नाक घासायला लागेल, आणि ब्रेकमध्ये आधीच दबलेला फोर्क पुढचा खड्डा घेऊच शकत नाही.

यावरून चालवण्यातली एक गोष्ट. खड्डा चुकवता येत नाही असं दिसलं तर ब्रेक त्याच्या आधी मारा आणि चाक आत जायच्या क्षणी सोडा. बहुतेक जण ब्रेक दाबूनच आत जातात, म्हणजे फोर्कची निम्मी जागा खड्ड्याच्या आधीच संपलेली. ब्रेक सोडला, गुडघ्यांनी टाकी धरली, फुटरेस्टवर भार देऊन ढुंगण सीटपासून बोटभर उचललं, हँडल सैल धरलं, की तोच खड्डा निम्म्याने लागतो. कोणत्याही क्लिकने एवढा फरक पडणार नाही. पाण्याने भरलेला खड्डा मात्र कधीही अंदाजाने घेऊ नका, खाली मॅनहोल आहे की नुसतं डबकं हे पाण्यावरून कळत नाही.

चिपळूणचं बघू. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि तेव्हापासून गणपतीला तो रस्ता कसा असेल यावर पैजा लागतात. बराच भाग आता काँक्रीटचा आहे आणि वेग आपसूक वाढतो, मधेच वळण किंवा तुटलेला जॉइंट आला की तोच वेग नडतो. तुम्ही दोघं १२५ किलो, वर कपडे, हेल्मेट, बॅगा. मॅन्युअलमध्ये गाडी किती भार घेऊ शकते ते लिहिलेलं असतं, बेरीज करून बघा. येताना गावाकडचे तांदूळ आणि नारळ धरायला विसरू नका, ते नेहमी विसरले जातात.

निघायच्या आदल्या दिवशी सामान लावून, दोघं बसून सॅग परत मोजा. तो ७०च्या पुढे गेला असेल, तर प्रीलोड वाढवून शक्य तितका ६५च्या जवळ आणा. प्रीलोड वाढला की स्प्रिंग जास्त जोराने उघडायला बघते, म्हणून मागचा रिबाउंड एक-दोन क्लिक घट्ट. टायरात दोघांसाठीची हवा. हे केलं नाही तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, हँडल वाऱ्यावर डोलतं आणि रात्री तुमचा हेडलाइट समोरच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. जड सामान बाजूच्या बॅगांत, खाली आणि पुढे. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हलकंफुलकं. नारळ टॉप बॉक्समध्ये नकोत. मुंबईला परतल्यावर प्रीलोड उतरवायला विसरू नका, नाहीतर सोमवारी परत मला पत्र लिहाल.

वहिनी ट्रेनने जातो म्हणतायत त्याला आधी एवढंच करा. सॅग नीट करून त्यांना मागे बसवा आणि मुलुंड ते पवई एक फेरी मारा. मागच्या सीटवर बसणारा माणूस जवळपास मागच्या चाकावरच बसलेला असतो. तुम्हाला लागतो त्यापेक्षा जास्त दणका त्यांना लागतो आणि खड्डा त्यांना आधी दिसतही नाही. त्यांनी तरीही नाही म्हटलं तर कोकण रेल्वेचं तिकीट काढा, आणि लवकर काढा.

ज्यांच्या गाडीला यातलं काहीच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. स्प्लेंडरच्या मागच्या जोड शॉकअपलाही पाच खाचांची रिंग असते, हिमालयन ४५० ला मागचा प्रीलोड आहे. तेवढा आणि टायरमधली हवा सांभाळली तरी बरंच साधतं. आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा सेटिंगपेक्षा झीज जास्त असते. पुढचा ब्रेक मारून गाडी पुढे-मागे हलवल्यावर 'टक टक' येत असेल तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) ढिला आहे, खड्ड्यात येणारा तो आवाज शॉकअपचा समजून लोक भलताच खर्च करतात. फोर्कच्या पाइपवर तेलाचं कडं दिसत असेल तर ऑइल सील गेलंय. ते तेल ब्रेकवर उतरायच्या आत बदला.

तुमच्या गाडीला वर्ष झालंय, सील शाबूत असेल. पावसात मात्र रोज घरी आल्यावर त्या पाइपांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. वाळलेली माती दर खड्ड्याला सीलवर पॉलिशपेपरसारखी घासते. पाऊस संपला की मागच्या शॉकअपला लिंकेज (त्याला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे) असेल तर तिथे ग्रीस करून घ्या. सर्व्हिस सेंटरला हे वेगळं सांगावं लागतं, न सांगता कुणी करत नाही. आणि त्याच वेळी, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी, तिथेच खाली बसून चेन बोटाने हलवून बघा.